कंबरेत उसण भरली, गोळी कोणती घ्यायची?

पाण्याचा हंडा उचलताना, सिमेंटची गोणी पाठीवर घेताना, गटारातला गाळ ओढताना, नाहीतर नुसते वाकून लादी पुसताना कंबरेत अचानक चमक येते आणि माणूस जागच्या जागी धरला जातो. कुणी म्हणते उसण भरली, कुणी म्हणते लचक भरली. संध्याकाळी मेडिकलवर जाऊन "कंबरेसाठी काहीतरी स्ट्राँग द्या" असे सांगितले जाते. दुकानदार दोन-तीन रंगांच्या गोळ्या कापून कागदात बांधून देतो. खाडा परवडत नाही, म्हणून त्या गोळ्या खाऊन माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो.

आम्ही काही वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिका होतो, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. विहारात तपासणी शिबिर असले की साखर आणि बीपीच्या खालोखाल हाच प्रश्न येतो, "सिस्टर, कंबरेला कोणती गोळी चांगली?"

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. नव्याने सुरू झालेल्या साध्या कंबरदुखीत कोणतीही गोळी दुखणे बरे करत नाही. काही गोळ्या वेदना थोडी कमी करतात, काही तेवढेही करत नाहीत. फायद्याच्या बाबतीत गोळ्यांमध्ये फारसा फरक नाही, पण तोट्याच्या बाबतीत मोठा आहे. म्हणून "सगळ्यात स्ट्राँग कोणती?" असे न विचारता "माझ्या शरीराला सगळ्यात कमी इजा करणारी कोणती?" असे विचारायला आपण शिकले पाहिजे.

आधी दुखणे समजून घ्या

अशा दुखण्यात बहुतेक वेळा हाड मोडलेले नसते, मणका सरकलेला नसतो. स्नायू, सांधे, त्यांना बांधून ठेवणारे बंध यांवर ताण येतो, आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि वाकणे अवघड होते. पहिले दोन-चार दिवस फार त्रास होतो. मग दुखणे हळूहळू ओसरते आणि बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत बरे वाटते. गोळी घेतली तरी शरीराला लागणारा वेळ तो घेतेच. गोळीचे काम एवढेच, की त्या दिवसांत उठणे, बसणे, चालणे जमावे. एवढी अपेक्षा ठेवली तर फसवणूक होत नाही.

पॅरासिटामॉल

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो या नावांनी आपण ओळखतो ती ही गोळी. ताप आणि अंगदुखीवर ती चांगली आहे, पण कंबरेचे काय? ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी नव्याने कंबर धरलेल्या सोळाशेहून अधिक माणसांवर याची चाचणी केली. तिचा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज नियमाने पॅरासिटामॉल दिली, काहींना दुखेल तेव्हा घ्यायला सांगितले आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. पहिल्या दोन गटांतले निम्मे लोक १७ दिवसांत बरे झाले. औषध नसलेल्या गोळीच्या गटाला १६ दिवस लागले. म्हणजे कंबर लवकर बरी करण्यात पॅरासिटामॉलचा उपयोग दिसला नाही.

मग ती वाईट का? नाही. योग्य प्रमाणात घेतली तर पोट आणि किडनीला ती बाकीच्या गोळ्यांपेक्षा खूप सौम्य आहे. ज्यांना दुसऱ्या गोळ्या चालत नाहीत त्यांना डॉक्टर हीच देतात. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून घ्याव्यात. चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे अशा आठ गोळ्या, ही शेवटची हद्द आहे. वजन कमी असेल, जेवण होत नसेल, रोज दारू पोटात जात असेल किंवा कावीळ होऊन गेली असेल तर हद्द आणखी खाली येते. ती डॉक्टरांना विचारावी. हद्द ओलांडली की ही साधी गोळी लिव्हर निकामी करू शकते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांचे भाऊबंद

आयबुप्रोफेन म्हणजे ब्रुफेन, डायक्लोफेनॅक म्हणजे व्होव्हेरान. नेप्रोक्सेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब हे सगळे याच घराण्यातले. या गोळ्या दुखण्यासोबत सूजही कमी करतात. नव्या कंबरदुखीत खरोखर थोडा फायदा दाखवणारे घराणे हेच.

हा 'थोडा' म्हणजे किती? वेदना शून्य ते शंभर अशी मोजली तर औषध नसलेल्या गोळीपेक्षा या गोळ्यांनी ती सरासरी सात अंकांनी जास्त कमी होते. अनेक चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये काढलेला हा हिशेब आहे. रात्री झोप न लागणाऱ्या माणसाला तेवढाही आधार वाटतो, हे आम्ही जाणतो. पण किंमत मोजताना फायदा एवढाच आहे, हे लक्षात राहू द्या.

वेदना कमी करण्यात हे भाऊबंद जवळजवळ सारखेच आहेत. फरक आहे तो त्रासात.

आयबुप्रोफेन कमी मात्रेत, थोडे दिवस घेतली तर या घराण्यात पोटाला त्यातल्या त्यात सौम्य आहे. धडधाकट मोठ्या माणसाला ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा पुरते. नेप्रोक्सेनचा असर लांबतो, म्हणून ती दोनदाच घ्यावी लागते. हृदयाच्या दृष्टीने ती बाकीच्यांपेक्षा कमी धोक्याची मानतात, पण पोटाला जास्त झोंबते. डायक्लोफेनॅकने हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका वाढतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी ती घेऊच नये. एटोरिकॉक्सिब पोटाला हलकी, पण बीपी चढवते. निमेसुलाइडने लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ती देण्यास बंदी आहे. दुसऱ्या गोळ्या मिळत असताना मोठ्यांनीही तिच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत आहे.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या

थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझोक्साझोन ही नावे गोळीच्या पाकिटावर सापडतील. ब्रँडच्या नावापुढे 'एमआर' असेल तरी समजावे की त्यात असे औषध आहे. या प्रकारच्या अनेक गोळ्यांनी गुंगी आणि चक्कर येते. परातीवर, शिडीवर काम करणाऱ्याने किंवा रिक्षा चालवणाऱ्याने अशी गोळी खाऊन कामावर जाणे म्हणजे कंबर वाचवायला जाऊन जीव धोक्यात घालणे.

न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. कंबर धरून इस्पितळात आलेल्या ३२३ रुग्णांना नेप्रोक्सेन दिली. त्यातल्या काहींना सोबत स्नायू सैल करणारी गोळी, काहींना अफूवर्गातली कडक गोळी आणि काहींना औषध नसलेली गोळी जोडली. आठवड्यानंतर तिन्ही गट सारखेच होते. जास्तीच्या गोळीने काही जास्त मिळाले नाही.

बायकांसाठी एक खास सूचना. थायोकोल्चिकोसाइडबद्दल युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये सावध केले आहे, की गरोदर बाईने आणि गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या बाईने ती घेऊ नये आणि इतरांनीही सात दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

'सगळ्यात स्ट्राँग' ट्रॅमाडॉल

ट्रॅमाडॉल अफूवर्गातली आहे. अल्ट्रासेटसारख्या गोळीत ती पॅरासिटामॉलसोबत असते. मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठता आणि मुख्य म्हणजे सवय लागणे हे तिचे तोटे. म्हणूनच २०१८ पासून ती आपल्या देशात अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

ऑस्ट्रेलियातल्या आणखी एका चाचणीत कंबर आणि मान नव्याने धरलेल्या ३४७ जणांपैकी काहींना अफूवर्गातली कडक गोळी दिली, काहींना औषध नसलेली. सहा आठवड्यांनी कडक गोळीवाले जास्त बरे झालेले नव्हते. हा निकाल २०२३ चा आहे. ज्या गोळीने फायदा नाही आणि सवय मात्र लागू शकते, ती साध्या उसणीसाठी घरात येऊ देऊ नका. वस्तीतल्या तरुण पोरांच्या हाती ती पडते तेव्हा काय होते, हे आपण पाहतो आहोत.

कागदाच्या पुडीतली जादू

काही ठिकाणी बिननावाच्या सुट्या गोळ्यांची पुडी मिळते. एका दिवसात कंबर मोकळी, अंगात ताकद, भूकही लागते. लोक म्हणतात, "त्यांच्या हाताला गुण आहे." बऱ्याचदा तो गुण स्टेरॉइडचा असतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही औषधे दम्यासारख्या आजारांत जीव वाचवतात, पण साध्या कंबरदुखीत त्यांची गरज नाही. महिनोन्महिने खाल्ली तर चेहरा सुजतो, साखर आणि बीपी वाढते, हाडे ठिसूळ होतात, टीबीसारखा आजार उसळी मारतो. नियम साधा ठेवा: ज्या गोळीचे नाव कळत नाही ती तोंडात टाकायची नाही. पण कुणी अशी पुडी खूप दिवस खात असेल तर एकदम बंद करू नये. त्यानेही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जावे.

एका पाकिटात किती औषधे?

समजा, एका मावशींनी सकाळी कॉम्बिफ्लाम घेतली, दुपारी व्होव्हेरान आणि रात्री झेरोडॉल-पी. त्यांना वाटते, तीन वेळा तीन साध्या गोळ्या घेतल्या. आता आतले पाहा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. व्होव्हेरानमध्ये डायक्लोफेनॅक. झेरोडॉल-पीमध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. म्हणजे एकाच घराण्यातले तीन भाऊ एका दिवसात पोटात गेले आणि वर दोन वेळा पॅरासिटामॉल. वेदना तिपटीने कमी होत नाही, पण पोट आणि किडनीवरचा मार मात्र वाढत जातो.

मुळात जोडगोळीची गरज किती? आयबुप्रोफेन एकटी आणि आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल अशी तुलना कंबरदुखीच्या रुग्णांत झाली आहे. जोडीचा जास्त फायदा दिसला नाही. आपल्या सरकारनेही २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात वेदनाशामकांची काही मिश्रणे होती. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव वाचून थांबू नका, खालची बारीक अक्षरे वाचा. घरातल्या शाळकरी मुलीला ती वाचायला सांगा. जनऔषधी केंद्रात याच औषधाच्या नावाने गोळी मागितली तर स्वस्तही मिळते.

या माणसांनी विचारल्याशिवाय घेऊ नये

आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या घराण्यापासून पुढील लोकांनी लांब राहावे किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावे:

- पोटात अल्सर होऊन गेलेला, काळी शी किंवा रक्ताची उलटी झालेली आहे.
- किडनीचा त्रास आहे, हृदयविकार आहे, पायांवर सूज येते.
- बीपीची गोळी चालू आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल यांपैकी एक, सोबत लघवी जास्त होण्याची गोळी आणि वर ही वेदनाशामक, असे तिन्ही एकत्र आले तर किडनी अचानक बंद पडू शकते.
- रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे.
- दमा आहे आणि पूर्वी अशा गोळीने दम वाढला होता.
- वय साठच्या पुढे आहे.
- बाई गरोदर आहे. पाचव्या महिन्यापासून पुढे तर या गोळ्या बाळाच्या किडनीलाही बाधतात.

विदर्भातल्या आपल्या वाचकांसाठी आणखी एक. आपल्या समाजात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णाची कंबर, पाठ अचानक दुखू लागली तर ती उसण नसून सिकलसेलचा झटका असू शकतो. या आजाराने किडनी आधीच नाजूक असते. घरी गोळ्या देत बसू नका, रुग्णाला पाणी पाजा आणि लगेच रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात कंबरदुखीसोबत ताप असेल तर डेंग्यू किंवा लेप्टो असू शकतो. डेंग्यूत या घराण्यातल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. लेप्टोत किडनी आधीच धोक्यात असते. तापात फक्त पॅरासिटामॉल द्या आणि रक्त तपासून घ्या. गुडघाभर पाण्यात काम केलेल्यांनी तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

आणि पाण्याची गोष्ट. कामाच्या ठिकाणी शौचालय नाही, म्हणून आपल्या कितीतरी बहिणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हात घाम, पोटात पाणी नाही आणि त्यावर वेदनाशामक गोळी. किडनीला याहून मोठा मार नाही. जुलाब-उलट्या होत असतानाही या गोळ्या नकोत.

घ्यायचीच असेल तर अशी घ्या

एका वेळी एकच औषध. कमीत कमी मात्रा. पोटभर जेवून, भरपूर पाण्यासोबत. तीन ते पाच दिवस, त्यापुढे डॉक्टरांना विचारून. दारूसोबत अजिबात नको. शेजारणीला लागू पडली म्हणून तिची उरलेली गोळी नको.

दोन गैरसमज काढून टाका. एक, "सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की काही होत नाही." ती पोटाला थोडी वाचवते, किडनी आणि हृदयाला नाही. दोन, "इंजेक्शन घेतले की पोटाला त्रास नाही." डायक्लोफेनॅक सुईने दिले तरी रक्तातून पोटापर्यंत पोचतेच.

गोळीशिवाय काय करता येते

शेक द्या. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी पंधरा-वीस मिनिटे. नव्या कंबरदुखीत शेकाने आराम पडतो, हे चाचण्यांतही दिसले आहे. साखरेच्या रुग्णाला चटका कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्याने हात लावून पाहावे.

अंथरुणाला खिळून राहू नका. एखादा दिवस जास्त वेळ पडावे लागले तर ठीक, पण दिवसेंदिवस झोपून राहिल्याने कंबर आणखी आखडते. घरातल्या घरात चाला, जमेल तेवढे हलके काम करा. कुशीवर झोपून गुडघ्यांच्या मध्ये उशी घेतली तर बरे वाटते. ओझे उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यात वाका, ओझे अंगाजवळ धरा. कंबर चोळून, तुडवून घेऊ नका.

लगेच दवाखाना गाठा

- लघवी अडली, किंवा लघवी-संडासवर ताबा राहिला नाही. मांड्यांच्या मधला, बसण्याचा भाग बधिर झाला. पायातली ताकद गेली. ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.
- ताप येतो, रात्री घाम येतो, वजन उतरते, पडून राहिले तरी दुखतेच. मणक्याचा टीबी असू शकतो. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.
- उंचावरून पडल्यावर, किंवा म्हातारपणी साध्या पडण्यानंतर दुखू लागले.
- पूर्वी कॅन्सर झाला आहे, किंवा खूप दिवस स्टेरॉइड घेतले आहे.
- लघवीला जळजळ आहे, किंवा बाईला ओटीपोटात दुखते, अंगावरून जास्त जाते.
- सहा आठवडे झाले तरी उतार नाही.

कंबर आपली, ओझे कुणाचे?

आपल्या माणसांना गोळ्यांची हौस नाही. खाडा केला तर चूल पेटत नाही, म्हणून ते गोळी खातात. त्यामुळे फक्त "गोळ्या कमी खा" असे सांगून आमचे काम संपत नाही. कंत्राटी सफाई कामगार, कारखान्यातले कामगार यांनी पगारातून ईएसआयसी कापली जाते का, हे तपासावे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या, योजनेत बसणाऱ्या कामगाराने ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल, तर ईएसआय डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कपात होते पण कार्ड हातात नाही, असे असेल तर कंत्राटदाराला चारचौघांनी मिळून विचारा. डॉक्टरांकडून "काही दिवस हलके काम द्यावे" असे लिहून घ्या. ढकलगाडी, लांब दांड्याचा झाडू, दोघांनी मिळून ओझे उचलणे, कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि शौचालय, या मागण्यांनी जेवढ्या कंबरा वाचतील तेवढ्या कोणत्याही गोळीने वाचणार नाहीत.

या आठवड्यात एक काम करा. घरातला गोळ्यांचा डबा उघडा. कंबरदुखीची म्हणून ठेवलेली प्रत्येक पट्टी हातात घ्या आणि मागचे औषधाचे नाव व तारीख वाचा. नाव नसलेल्या आणि तारीख उलटलेल्या गोळ्या काढून टाका. एकाच घराण्यातल्या दोन पट्ट्या सापडल्या तर घरातल्या सगळ्यांना सांगा, की या दोन्ही एका दिवशी घ्यायच्या नाहीत. शंका असेल तर पट्टी घेऊन आपला दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आशाताईंकडे जा. विचारायला पैसे पडत नाहीत.